चौसष्टपैकी चौसष्ट

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
आजपासून रोजनिशी. रोज लिहिणार. मोजकं लिहिणार. फाटे फोडणार नाही.
आज नोकरीचा पहिला दिवस. ही नववी नोकरी, पोहण्याच्या तलावावरची धरली तर. (मला पोहता येत नाही हे त्यांना तिसऱ्या दिवशी कळलं. यात माझी काय चूक? त्यांनी विचारलंच नव्हतं.) पण यावेळची गोष्ट वेगळी आहे. यावेळी हुद्दा आहे. टेस्टर.
गाद्यांचा कारखाना. ताई तिथे शिवण विभागाची प्रमुख, सगळ्या खोळी तिच्या नजरेखालून जातात. तिनं मॅनेजर मॅडमकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मॅडम म्हणाल्या, महिनाभर बघू, एकतीस तारखेला ठरवू. ताई मला म्हणाली, दिवट्या, अकरा वर्षांत त्या कारखान्यात मी कुणासाठी तोंड उघडलेलं नाही. माझं नाक कापलंस तर मी तुझे कान कापीन, आणि कात्र्या माझ्याकडे आहेत.
कारखान्याची एक रीत फार गोड आहे. जो कायम होतो त्याला त्याच्या मापाची गादी मिळते. टाळूपासून टाचेपर्यंत माप घेऊन. फुकट. गेले सात महिने मी ताईच्या हॉलमधल्या सोफ्यावर झोपतोय. सोफा भावोजींचा. ते रोज सकाळी पेपर घेऊन सोफ्याशी उभे राहतात आणि माझ्या तळपायांकडे बघतात.
तर एकतीस तारीख, मग गादी, मग स्वतःची खोली. ठरलं.

४ मार्च, मंगळवार
काम समजलं. सोपं आहे.
कारखान्याचा प्रोग्रॅम बत्तीस वर्षांचा. माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. कोबोल नावाच्या जुन्या भाषेत लिहिलेला. ती भाषा येणारा इमारतीत एकच माणूस उरलाय, प्रोग्रॅमर काका. लिहिला त्यांनीच. एकतीस तारखेलाच ते रिटायर होणार. बत्तीस वर्षांत एक गादी चुकली नाही, हे वाक्य ते दिवसातून दोनदा म्हणतात, चहाआधी आणि चहानंतर.
ऑर्डर आली की प्रोग्रॅम दोन याद्या काढतो. एक शिवणला जाते, खोळ केवढी शिवायची ते सांगायला. दुसरी कटिंगला, फोम केवढा कापायचा ते सांगायला. आजवर सगळा कारभार इंचांत. आता नर्सिंग कॉलेजच्या होस्टेलला दोनशे चाळीस गाद्या हव्यात आणि त्यांची मापं सेंटिमीटरमध्ये. म्हणून काकांनी प्रोग्रॅम बदललाय. मी तो तपासायचा.
काकांनी तीन वस्तू दिल्या. मोजायची टेप, पेन्सिल आणि छापील शीट. शीटवर दोन रकाने, अपेक्षित निकाल आणि प्रत्यक्ष निकाल. नियम असा की आधी स्वतःचं डोकं चालवून, लागली तर टेप लावून, अपेक्षित रकाना पेन्सिलनं भरायचा. मग बटण दाबायचं. मग जे येईल ते प्रत्यक्षमध्ये पेननं. जुळलं तर पास, नाही जुळलं तर फेल.
मी विचारलं, काका, प्रोग्रॅम तुमचा, मग तुम्हीच का नाही तपासत? म्हणाले, राजे, स्वतःच्या पाठीवरचा तीळ स्वतःला दिसतो का?
काय वाक्य आहे! वहीच्या कव्हरवर लिहून ठेवलं. शेजारी तीळ काढला. तिळाला पाठ काढली. पाठीला माणूस काढला. तोवर जेवणाची सुट्टी झाली.

७ मार्च, शुक्रवार
दोन दिवस लिहिलं नाही. अनुभव गोळा करत होतो.
काकांनी सीमा शिकवल्या. म्हणाले, चूक शेताच्या मध्ये सापडत नाही, कुंपणाशी दबा धरून बसते. म्हणून शून्य टाकून बघ, एक टाकून बघ, जास्तीत जास्त टाकून बघ, आणि मग त्याच्याही पुढे एक टाकून बघ.
हे ऐकल्यापासून मी बसूच शकत नाही. अख्खं जग न तपासलेलं पडलंय! लिफ्टमध्ये पाटी आहे, आठ माणसं. पण कुणी नऊ भरून पाहिली का? नाही. मी भरली. नववा मी.
११.२० ते १२.०५ दोन मजल्यांच्या मध्ये. आत मॅनेजर मॅडमही होत्या. मी त्यांना सांगितलं की टेस्ट यशस्वी झाली, कुंपण सापडलं. त्यांनी माझं नाव विचारलं, मग कुणाचा भाऊ ते विचारलं, मग वर बघून श्वास सोडला. ओळख वाढतेय.
नुकसान किरकोळ. पेन्सिल लिफ्टच्या फटीतून खाली गेली.

१० मार्च, सोमवार
नवी पेन्सिल हवी तर स्टोअरला अर्ज, वर दोन सह्या. त्यापेक्षा पेन काय वाईट? पेन टिकतं. पेनमध्ये ठामपणा आहे.
एकूण चौसष्ट टेस्ट. सकाळपासून झाल्या दोन. सगळा वेळ त्या अपेक्षित रकान्यात जातो. इंचांचे सेंटिमीटर, सेंटिमीटरांचे इंच, दशांश चिन्ह. सातवीत गणिताचा तास खिडकीपाशी होता आणि खिडकीबाहेर क्रेन होती. त्या क्रेनबद्दल मी आजही तासभर बोलू शकतो. दशांश चिन्हाबद्दल नाही.
दुपारी ३.४०. शोध!!
अपेक्षित रकाना आधी भरायचाच कशाला? बटण दाबलं की प्रोग्रॅम स्वतःच उत्तर सांगतो. ते बघायचं आणि अपेक्षितमध्ये तेच लिहायचं. जुळणार नाही म्हणजे काय, त्याचा बाप जुळेल! ना गुणाकार, ना भागाकार, ना भांडण.
सुटेपर्यंत अठरा टेस्ट. अठराच्या अठरा पास. बत्तीस वर्षांत हे कुणालाच सुचलं नाही. काकांना मुद्दामच सांगितलं नाही. रिटायर व्हायच्या तोंडावर माणसाला धक्का देऊ नये.

१२ मार्च, बुधवार
टेप हे फार उपयोगी हत्यार आहे. आज मोजलं: दोन्ही दंड (डावा अर्ध्या इंचानं जास्त, का?), कॅन्टीनपासून शिवणच्या दारापर्यंतचं अंतर, कॅन्टीनवाल्याचा पोळीएवढा कान, त्याची परवानगी घेऊन. घरी येऊन सोफा, एकशे सत्तावन्न सेंटिमीटर. मी, एकशे एकाहत्तर. फरक चौदा. भावोजींना सहानुभूती वाटावी म्हणून कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, कागद नीट वाचला आणि म्हणाले, चौदा कमीच करायचे ना? पायाकडून नको, चालायला लागतात. डोक्याकडून करू. तुला कळायचंही नाही.
ताई हसता हसता भिंतीला टेकली. घरात आनंद आहे.
संकल्प: गादी एकशे ऐंशीची मागायची. वाढायला जागा हवी. शिवाय टेस्टिंगवर पुस्तक लिहायचं. अर्पणपत्रिका ताईला.

१४ मार्च, शुक्रवार
टेस्ट नंबर सदतीस. होस्टेलचीच गादी. लांबी १८३, रुंदी ९१. बटण दाबलं.
शिवणची यादी: १८३ बाय ९१.
कटिंगची यादी: ८३ बाय ९१.
थबकलो. (टेस्टर थबकतो. धंद्याचा भाग आहे.) मग शांत डोक्यानं विचार केला. खोळ मोठी, फोम लहान. मग बरोबरच आहे की! शिवताना कापडात जास्तीची माया ठेवावी लागते, हे मी ताईकडून हजारदा ऐकलंय. एक मीटर माया जरा सढळ वाटली. पण सेंटिमीटर म्हणजे तरी केवढासा असतो? नखाएवढा.
अपेक्षित ८३. प्रत्यक्ष ८३. पास.
कॅन्टीनमध्ये कुणीतरी गिटार आणली होती. दोन सूर शिकलो. संध्याकाळपर्यंत तिसरा येणार होता, पण टेस्ट अडतीस आडवी आली.

१७ मार्च, सोमवार
चौसष्टपैकी चौसष्ट पास!
काका पेन्शनच्या कागदांसाठी बाहेर गेले होते. ते येईपर्यंत मला धीर कुठला? शीट थेट मॅडमच्या टेबलावर. त्यांनी सगळी पानं उलटली. एकही फेल नाही? असं कधी झालेलं नाही, म्हणाल्या. मी नम्रपणे म्हणालो, टेस्टर बदलला की फरक पडतो. काकांनी पाहिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, काका हा प्रोग्रॅम बत्तीस वर्षं बघताहेत. एकही शब्द खोटा नाही.
जिन्याजवळच्या फळ्यावर महिन्याच्या मानकऱ्याचा फोटो लावतात. माझा लागला. डोळे मिटलेले आलेत, पण मी आहे हे कळतं.
ताई एकदा आली, बघून गेली. परत आली. मग शिवणमधल्या एकेकीला बोलावून आणलं. हा माझा धाकटा, असं म्हणत होती. मी खांबाआड होतो. सोळा जणींना दाखवला. मी मोजलं.

२० मार्च, गुरुवार
नवा प्रोग्रॅम सुरू झाला. होस्टेलची ऑर्डर पहिलीच.
सकाळी ९.१५ ला कटिंगवाल्याचा फोन. मशिनवरचा जुना माणूस आहे, बोलणं तिरकस. म्हणाला, साहेब, लांबी त्र्याऐंशी आलीय, नर्सा बसून झोपणार का? मी म्हणालो, चौसष्टपैकी चौसष्ट. तो म्हणाला, ते फळ्यावर वाचलं, पण लांबीचं काय? मी म्हणालो, मायेचा हिशोब असतो, तुमचं काम कापायचं, तपासायचं काम झालेलं आहे. तो म्हणाला, बरं बाबा, यादीवर लिहिलंय तेच कापतो, मागाहून माझ्या नावानं खडे फोडू नका.
माणसांना बदल पचत नाही. पुस्तकात यावर एक प्रकरण.

२१ मार्च, शुक्रवार
आज थोडी गडबड.
मशीन एका वेळी आठ थर कापतं. काल दुपारपर्यंत दोनशे चाळीस झाले. खोळीही काल सुटेपर्यंत शिवून झाल्या. आज सकाळी शिवणमध्ये पहिला फोम पहिल्या खोळीत घातला. बापाच्या सदऱ्यात पोरगं शिरावं तसं दिसलं. अर्धी खोळ भरलेली आणि अर्धी खाली लोंबतेय. ताईनं दुसरी भरली. तिसरी भरली. सोळाजणींची मशिनं थांबली. मग तिनं माझ्याकडे बघितलं.
मी म्हणालो, जरा जास्तच माया ठेवली गेली का?
तिनं हातातली कात्री खाली ठेवली. माझ्या जिवात जीव आला.
काका धावत आले. अर्ध्या तासात दुखणं सापडलं. इंचांच्या काळात कुठलीच गादी नव्व्याण्णवच्या पुढे गेली नाही, म्हणून कटिंगच्या यादीत लांबीच्या आकड्याला दोनच घरं. शिवणच्या यादीतली काकांनी वाढवली, ही राहून गेली. तीन आकडी लांबी आली की पहिला आकडा बाहेर पडतो. आवाजही होत नाही. एकशे त्र्याऐंशीचे त्र्याऐंशी.
काका खुर्चीत टेकले. मग म्हणाले, लिफ्ट शहाणी. नववा आला तर थांबली. माझ्या प्रोग्रॅमनं पहिल्याला ढकलून दिलं आणि गुमान पुढे गेला.
चहानंतरचं ते वाक्य आज ते म्हणाले नाहीत.

२२ मार्च, शनिवार
मीटिंग. होस्टेल पहिल्या तारखेला उघडायचं, आता आठ दिवस पुढे. मॅडमनी विचारलं, हे घडलं कसं? काका उभे राहिले. म्हणाले, प्रोग्रॅम माझा, चूक माझी, पोराला मध्ये ओढू नका.
केवढं मोठं मन! ते दुखावू नये म्हणून मी गप्प बसलो. गप्प बसणं सोपं नसतं. मी मान खाली घालून बुटाच्या लेसची भोकं मोजली. एका बाजूला सहा, दुसऱ्या बाजूलाही सहा. पास.
माझी शीट टेबलावर फिरत होती. ताईकडे आली तेव्हा ती तिच्याकडे जरा जास्तच वेळ राहिली.

२३ मार्च, रविवार. सकाळी ११
ताईनं धुतलेल्या चादरीच्या घड्या घालताना विचारलं. सहज विचारावं तसं. दोन्ही रकाने एकाच निळ्या पेनाचे कसे रे? अपेक्षित पेन्सिलनं लिहितात ना?
मी म्हणालो, पेन्सिल लिफ्टमध्ये पडली.
ती म्हणाली, पेन्सिल पडली हे कळलं. पुढचं सांग.
सांगितलं. शोध, त्याची तारीख, वेळ, सगळं. मला वाटलं, वेळ वाचल्याचं तरी कौतुक करेल. ती चादरीची घडी परत परत घालत राहिली. मग म्हणाली, म्हणजे तू आधी बाण मारलास आणि मग बाणाभोवती वर्तुळ काढलंस. चौसष्ट वेळा. आणि मी सोळाजणींना दाखवत सुटले.
भावोजींनी पेपर खाली घेतला. म्हणाले, त्या माणसाचा आता एकच आठवडा राहिलाय. तुझं ओझं डोक्यावर घेऊन त्याला घरी पाठवणार का?
ताई म्हणाली, याला काही सांगू नका. बघू काय करतो.
ठरलं. उद्या सगळं कबूल करणार. यावेळी पद्धतशीर. भावोजींच्या शब्दकोड्यांची पेन्सिल घेतली आणि आयुष्यात पहिल्यांदा आधी लिहिलं.
अपेक्षित निकाल: मॅडम माझ्या प्रामाणिकपणानं हेलावतील. काका मिठी मारतील. एखाद्या कोपऱ्यात टाळ्या. बढती, निदान तसं सूतोवाच.

२४ मार्च, सोमवार
प्रत्यक्ष निकाल (पेननं): मॅडम म्हणाल्या, माहीत आहे. काकांनी शनिवारीच शीट पाहून ओळखलं होतं. पोर स्वतः येऊन सांगेल, सोमवारपर्यंत थांबा, असं त्यांनी मॅडमना सांगितलेलं. मॅडमच्या अंदाजानं मी मंगळवारी येणार होतो, म्हणजे मी एक दिवस लवकर. हे मी बोलून दाखवलं. बोलायला नको होतं.
मिठी नाही. काका म्हणाले, बसा राजे, ही कोरी शीट, चौसष्टच्या चौसष्ट परत. बटणाला हात लावायचा नाही.
फळ्यावरचा फोटो काढला. चार टाचण्यांची भोकं राहिली.

२८ मार्च, शुक्रवार
रोज लिहायला वेळ नाही. हे पहिल्यांदाच खरं आहे.
चार दिवस फक्त अपेक्षित रकाना. टेप, पेन्सिल, गुणाकार. जमिनीवर खडूनं गाद्या आखतो आणि मोजतो. खिडकीबाहेर क्रेन नाही, नशीब. कटिंगवाला येता जाता विचारतो, काय पासवाले, नर्सा उभ्या राहिल्या का?
आज काकांनी बटण दाबलं. मी वाचत गेलो, ते खुणा करत गेले. चौसष्टपैकी अकरा फेल. अकरा! होस्टेलच्या घोळापलीकडे आणखी दहा ठिकाणी प्रोग्रॅम गुपचूप आकडे गिळत होता. काकांचा चेहरा असा खुलला की मी घाबरलो. म्हणाले, बत्तीस वर्षांत एवढी चांगली शीट कुणी दिली नाही. मी म्हणालो, पण अकरा फेल आहेत. ते म्हणाले, म्हणून तर!
मला हे नीट समजलेलं नाही. पण उडी मारली. टेप पायात अडकली.

३१ मार्च, सोमवार
अकराच्या अकरा दुरुस्त. नवा फोम एकशे त्र्याऐंशी. कटिंगवाल्यानं पहिला तुकडा कापून स्वतः त्यावर झोपून दाखवला.
काकांचा निरोप. मॅडम भाषणात म्हणाल्या, बत्तीस वर्षांत एकच चूक. काका मध्येच म्हणाले, दोन. दुसरी, याला शिकवायला घेतला. शिवण विभाग इतका हसला की ताईला डोळे पुसावे लागले. हसून हसून, असं मी धरतो.
काकांनी टेप परत मागितली. बदल्यात पेन्सिल दिली. माझीच. लिफ्टवाल्यानं खालच्या खड्ड्यातून काढून दिलेली, टोक मोडलेली. म्हणाले, टोक तुम्ही काढा.
मग मॅडमनी बोलावलं. कायम नाही. अजून तीन महिने, शिवण विभागात, ताईच्या हाताखाली. येणारा प्रत्येक फोम हातानं मोजायचा. टेप तिथली.
हे काही वाईट नाही. एक प्रकारे बढतीच म्हणायची. लोक एकाच विभागात कुजतात, मी महिन्याभरात दोन पाहिले.

६ एप्रिल, रविवार. दुपारी २.१५
भावोजींनी सोफा ताब्यात घेतला. सकाळी पेपर घेऊन आडवे झाले ते अजून उठलेले नाहीत. झोपेतही हसताहेत.
ताईनं कारखान्यातून एक गादी आणली. त्या दोनशे चाळिसातली. म्हणाली, ही घे, तुझ्या कर्तबगारीच्या मापाची. फोम त्र्याऐंशी, खोळ एकशे त्र्याऐंशी. हॉलच्या कोपऱ्यात टाकली. बरी दिसते. खोळीचा रिकामा भाग पायांवर घेता येईल. म्हणजे गादीतच पांघरूण! हे मॅडमना सुचवायला हवं. संकल्प: उद्याच.
ताई स्वयंपाकघरातून ओरडली, आधी लिही, मग आडवा हो.
पेन्सिलला टोक काढलं.
अपेक्षित निकाल: जरा अंग चोरलं की मावेन.
आडवा झालो.
प्रत्यक्ष निकाल: कंबरेपासून खाली सगळं फरशीवर. फरशी गार.
खोडरबर शोधला. ड्रॉवरमध्ये नाही, भावोजींच्या खिशात नाही. ताईला विचारलं. ती म्हणाली, घरात नाही आणि यायचाही नाही.
फेल.